परक्या देशी पाळणा

शास्त्रपाठ : निर्गम १८:१-४; यिर्मया २९:४-७; मत्तय २:१३-२३



रायपूरचा बूढापारा हा आमचा भाग. बूढा तलावाच्या काठच्या या वस्तीला परगावाहून आलेली कुटुंबे नवी नाहीत. १८७७ साली कलकत्त्याचे दत्त कुटुंब येथे राहावयास आले. त्यांचा किशोरवयीन नरेंद्रनाथ पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगास ठाऊक झाला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी घरेही या नगरात नांदत आली आहेत.

मागील महिन्यात आमच्या प्रार्थनासभेतील एक तरुण दांपत्य निरोप घ्यावयास आले. नोकरीनिमित्त जर्मनीस निघालेले, आईच्या कडेवर सात महिन्यांची मुलगी. थंडीचे कपडे, दूध, लसी यांविषयी बोलणे झाल्यावर ती माउली हळूच म्हणाली, "काका, तिकडे ना आजी, ना मावशी, ना आपली मंडळी. हिला आपली म्हणून कशी वाढवू?" तिच्या प्रश्नाच्या अनुषंगाने आपण पवित्र शास्त्राकडे वळू या.

१. उपरेपण लपवू नका, पण तेथेच थांबू नका

मिद्यानात मोशेला पहिला पुत्र झाला, तेव्हा त्याने त्याचे नाव गेर्षोम ठेवले. इब्री भाषेत 'गेर' म्हणजे उपरी, दुसऱ्याच्या भूमीत आश्रयाने राहणारा. बापाच्या मनातील एकटेपण लेकराच्या नावात उतरले. देवाच्या सेवकाने हे दुःख दडविले नाही आणि देवानेही त्याबद्दल त्याला दोष दिला नाही.

परंतु दुसऱ्या पुत्राचे नाव त्याने अलियेजर ठेवले : माझा देव माझे साहाय्य. या नावाचा अर्थ सांगताना मोशे 'माझ्या पित्याचा देव' असे म्हणतो, हे लक्षात घ्यावे. ज्या नातवाने आजोबांचे घर पाहिले नाही, त्याला आजोबांचा देव मात्र मिळाला. परदेशी वाढणाऱ्या लेकराला ही दोन्ही नावे लागतात. केवळ पहिले दिले, तर ते कुढत वाढेल. केवळ दुसरे दिले, तर आईबापांचे अश्रू त्याला कधी समजणार नाहीत.

२. ज्या नगरात राहाल, त्याचे हित पाहा

बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठविले : घरे बांधा, मळे लावा, लेकरेबाळे होऊ द्या आणि त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सातव्या वचनात 'शालोम' हा इब्री शब्द तीनदा आला आहे. नगराच्या शांतीतच तुमची शांती आहे, असा त्याचा आशय. म्हणून तेथील भाषा शिका, शेजाऱ्यांना घरी बोलवा, तेथील मंडळीत सहभागी व्हा. दार लावून बसलेल्या घरात लेकराची वाढ खुंटते.

तथापि मिसळणे म्हणजे लेकराला दुसऱ्याच्या हवाली करणे नव्हे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात योसेफाच्या मिसर प्रवासाचे वर्णन करताना 'बालक व त्याची आई' असा शब्दप्रयोग चारदा येतो आणि प्रत्येक वेळी बालक आधी येते. मिसरात योसेफाने कोणते काम धरले, कोठे घर केले, हे सुवार्तिक सांगत नाही. त्याच्या ताब्यात कोण दिले होते, हे मात्र तो विसरू देत नाही.

३. साहाय्य घ्या, पण मातृत्व सोपवू नका

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण बोधप्रद आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा पती निवर्तून जेमतेम वर्ष लोटले होते आणि कन्या मनोरमा दोन वर्षांची होती. बरोबर आलेली मैत्रीण काही महिन्यांतच दगावली. वाँटेज येथील भगिनीसंघाने मायलेकींना आसरा दिला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमला शिकत व शिकवीत असता मनोरमा काही काळ भगिनींकडे राहिली.

रमाबाईंना त्या उपकारांची जाणीव होती. तरीही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही आणि मुलीच्या धार्मिक शिक्षणाच्या प्रश्नावर त्या भगिनींशी पत्रांतून स्पष्ट मतभेद मांडीत राहिल्या. आपल्या देशबांधवांची लाज वाटेल, अशी मुलगी त्यांना घडवावयाची नव्हती.

हे बळ त्यांना बालपणीच मिळाले होते. त्या अवघ्या सहा महिन्यांच्या असता आईवडिलांनी गंगामूळचे घर सोडले आणि वेताच्या पेटीत निजवून त्यांना डोंगराखाली आणले गेले. पुढे वर्षानुवर्षे तीर्थयात्रा चालली. पायांखाली स्वतःची भूमी नव्हती. पण आई लक्ष्मीबाईंनी वाटेवरच मुलीला मुखोद्गत पाठ देऊन शिकविले. त्या मुलीने उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. भाषांतराच्या कामात असलेल्या माझ्यासारख्याला तो ग्रंथ उघडताना ती वेताची पेटी आठवते. मनोरमाबाईही मायदेशी परतून आईच्या सेवाकार्यात झिजल्या आणि १९२१ मध्ये आईच्या आधी प्रभूकडे गेल्या.

त्या माउलीला मी एवढेच म्हणालो, "बाळे, दिवसा जर्मन खुशाल बोलू दे, पण निजताना हिच्या कानी मराठी प्रार्थना पडू दे. तू दमलेली असशील, शब्द सुचणार नाहीत, तरी चार ओळी म्हण. आजीचे घर तुला बरोबर नेता येत नाही. आजीचा देव नेता येतो." तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही एकत्र प्रार्थना केली.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील लेकरांना गेर्षोम आणि अलियेजर या दोन्ही नावांची कथा आपण सांगतो काय?

२. आपल्या मंडळीत परप्रांतातून आलेले, तान्हे बाळ असलेले कुटुंब आहे काय? त्या बाळाची आजी, मावशी कोण होणार?

प्रार्थना : हे प्रभू, तू स्वतः तान्हेपणी परक्या देशी राहिलास. दूरदेशी पाळणा हलविणाऱ्या प्रत्येक आईबापाचे साहाय्य हो. आमेन.