कोड : शेजारणीचे मलम आपल्याला का चालत नाही?



तीर्थपुरीच्या आसपासच्या वस्त्यांवर मी जाते तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, शेजारणीला मलमाने गुण आला, मग आमच्या पोरीला का नाही?’ विचारणाऱ्या आईला पोरीच्या लग्नाची काळजी असते. तिला नुसता धीर देऊन भागत नाही, म्हणून डॉक्टर उपचार कसा ठरवतात ते आज समजून घेऊ.

आधी ते कोड आहे की कुष्ठरोग, हे पाहतात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि तिथे बऱ्याचदा स्पर्श कळत नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, स्पर्श नीट कळतो. कोडात शरीराचीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. ते शिवल्याने होत नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानेही नाही.

मग खरा प्रश्न येतो : डाग वाढतो आहे की थांबला आहे? झपाट्याने वाढत असेल तर आधी त्याला आवर घालायचा. त्यासाठी आठवड्यातून फक्त दोन दिवस स्टेरॉइडची गोळी देण्याची पद्धत दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी रूढ केली. ती गोळी दुकानातून आपल्या मनाने घेऊ नये. थोडेच डाग असतील तर मलम पुरते. पण चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम फार दिवस लावले तर कातडी पातळ होते, म्हणून तिथे टॅक्रोलिमस देतात.

डाग अंगभर असतील तर विशिष्ट अतिनील किरणांचा शेक. हा उपचार चांगला आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावा लागतो. यंत्र शहरात, आपण तीर्थपुरीला. बसभाडे गेले आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला हे जमणार नाही. डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत सांगावे. अर्धवट सोडलेल्या शेकापेक्षा नेमाने लावलेले मलम बरे, असे मला वाटते.

गावात बावची लावून उन्हात बसवतात. बावचीत सोरालेन असते, त्यामुळे ती अगदीच निरर्थक नाही. पण ऊन थोडे जास्त झाले की फोड येतात, आणि भाजल्या जागी कोड आणखी पसरू शकते. नाडा काचतो तिथेही कोड उठते. कपाळावर टिकलीच्याच जागी डाग पडला असेल तर टिकलीचा डिंक कारण असू शकतो. तेव्हा आधी टिकली बंद.

डाग वर्षभर वाढला नाही, नवाही उठला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. मांडीवरची पातळ त्वचा घेऊन तिच्यातल्या रंगपेशी डागावर बसवतात. शरीराच्या एकाच बाजूचे कोड बहुधा लवकर थांबते, त्यामुळे तिथे याला यश चांगले येते. बोटांची टोके मात्र हट्टी. डागावरचे केस पांढरे झाले असतील तर नुसत्या औषधाने रंग परतणे कठीण असते, कारण नव्या रंगपेशी मुख्यतः केसांच्या मुळांतून येतात.

काहीजण उपचार घेतच नाहीत, तोही पर्याय आहे. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी श्वेता असोसिएशन ही संस्था उभी केली. ‘नितळ’ हा मराठी चित्रपट याच विषयावरचा. वस्तीवर दाखवण्याजोगा आहे.

डॉक्टरांकडे जाताना डागांचे दर महिन्याचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. डाग वाढला की थांबला, ते त्यांना त्यावरून कळते.