माशांच्या उवा
तळ्यातील रोहू-कटला बांबूला अंग घासू लागले की एकदोन मासे पकडून नीट निरखावेत, असे आम्ही सुचवतो. मसुराएवढी चपटी, पारदर्शक टिकली सरकताना दिसली तर ती अर्ग्युलस, म्हणजेच माशांची ऊ.

अंडी घालताना मादी मासा सोडते व दगड, काठ्या, पाणवनस्पती यांवर ती ओळीने चिकटवते. उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत पिले निघतात. दोन-तीन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. सापडला तर रक्त शोषीत, कात टाकीत महिन्या-सव्वा महिन्यात वयात येतात.

औषधाने उवा मरतात, अंडी मात्र वाचतात. लोक औषधालाच दोष देतात! तळ्यात फळ्या उभ्या कराव्यात. दर आठवड्याला त्या काढून कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि पुन्हा लावाव्यात.