दोर सोडण्याआधी

पोरांनो, अंजनेरीला टॉप रोप लावायला निघालात ना, मग माथ्यावर पोचल्यावर पिशवी उघडायच्या आधी दगड बघा. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. खालचा कातळ कितीही अभंग दिसो, माथ्याशी घसारा आणि मुरूम असतो, थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीही. म्हशीएवढा धोंडा मातीत नुसता टेकलेला असू शकतो. हातोडीने ठोका. खणखणीत वाजला तर पुढचा विचार, बद्द वाजला तर त्याला दोर बांधायचा नाही.

झाड जिवंत हवं, मांडीपेक्षा जाड, मुळं कातळात रुतलेली. दोर बुंध्याशी, जमिनीलगत बांधा. करवंदीच्या जाळीवर जीव टांगू नका.

जागा किमान दोन, जमल्यास तीन, आणि प्रत्येक स्वतंत्र. एकाच धोंड्याच्या दोन भेगांत नट बसवलेत तर तो एकच अँकर. धोंडा हलला की दोन्ही गेले. जुना बोल्ट दिसला तर हँगर हाताने फिरवून बघा. फिरला, किंवा खाली गंजाचा ओघळ दिसला, तर तो नाहीच असं समजा. पावसाळ्याचं पाणी लोखंडाला आतून खातं.

सगळे पदर एकत्र घेऊन फिगर ऑफ एट मारा, म्हणजे एक जागा सुटली तरी दोर फार न सरकता उरलेल्यांवर राहील. पदरांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० ला प्रत्येक बाजूवर भाराचे ५८ टक्के येतात, ९० ला ७१, आणि १२० ला दोन्हींवर प्रत्येकी पूर्ण भार. शिवाय भार म्हणजे नुसतं चढणाऱ्याचं वजन नव्हे. दोर वरून वळून बिले देणाऱ्याकडे उतरतो, त्यामुळे चढणारा लटकला की अँकरवर जवळपास दुप्पट ओढ पडते.

खरा वेळ कड्याच्या धारेवर घालवा. स्टॅटिक दोराखाली जाड गोणपाटाच्या घड्या घाला, आणि त्याही बांधून ठेवा, नाहीतर दोन चढायांत सरकतात. कॅराबिनर धारेच्या खाली लोंबले पाहिजेत, चढाईचा दोर कुठेही घासता कामा नये. तो दोर थेट स्लिंगमधून कधीही ओवू नका. नायलॉनवर नायलॉन घासलं की वितळतं, आणि स्लिंग बघता बघता तुटते. स्क्रूचे दोन कॅराबिनर घ्या, तोंडं एकमेकांविरुद्ध ठेवा. स्क्रू मात्र आवळायला विसरू नका.

हे करणारा माणूस पहिल्या मिनिटापासून वेगळ्या दोराने मागे बांधलेला हवा. नवख्याने हे सारं आधी जाणत्याच्या हाताखाली शिकावं, एकट्याने नाही.

कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती भिंत सोडा. अंजनेरीला गिधाडांची घरटी आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. पांडवलेणीच्या कातळात तर मेख नकोच, ती संरक्षित आहे.

दोर सोडताना खाली हाक द्या. मग पहिला गडी जमिनीवर असतानाच दोघांनी मिळून दोराला लटका, आणि एकाने वर बसून गाठी आवळतात का, सगळे पदर सारखे ताणले जातात का, ते नीट बघा.