दिवा ‘बदल’ की दिवा ‘लाव’?

पनवेलमधील एखाद्या दुमजली घराचा जिना डोळ्यांसमोर आणा. दिवा एक, बटणे दोन: एक खाली, एक वर. कोणतेही दाबा, दिव्याची स्थिती उलटते. त्यामुळे नुसत्या बटणाकडे पाहून दिवा लागला आहे की नाही हे सांगता येत नाही. दिव्याकडेच पाहावे लागते.

आता हा दिवा दुरून लावायचा आहे. समजा, मुंबईला निघालेल्या मुलीला लोकल वाशीच्या खाडीपुलावर असताना आठवले, की थोड्या वेळाने आजी जिना उतरेल. तिने फोनवरून ‘बदल’ अशी आज्ञा पाठवली. दिव्याजवळच्या सूक्ष्मनियंत्रकाने रिले चालवला, दिवा लागला; पण तसे कळवणारे उत्तर वाटेत हरवले. उत्तर नाही म्हणून फोनने तीच आज्ञा पुन्हा पाठवली आणि दिवा विझला! दोन्ही आज्ञा बिनचूक पोहोचल्या, तरी जिन्यात अंधारच.

आज्ञा ‘लाव’ अशी असती तर? ती एकदा पोहोचो की पाचदा, परिणाम एकच.

अशा कामासाठी एमक्यूटीटी ही संदेशपद्धती वापरतात. ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार झाली. तीत फोन आणि दिवा थेट बोलत नाहीत. मध्ये एक संगणक टपालकचेरीसारखा बसतो. ‘घर/जिना/दिवा’ या पत्त्यावर फोन ‘१’ पाठवतो, नियंत्रक त्या पत्त्यावर कान देऊन असतो. संदेश ‘निदान एकदा’ पोहोचवण्याची हमी मागता येते. निदान एकदा म्हणजे क्वचित दोनदाही. ‘लाव’ला त्याची फिकीर नाही.

पावसाळ्यात वीज गेली तर? ती परत आल्यावर नियंत्रकाला मागचे काही आठवत नाही. मध्यस्थ संगणक घराबाहेर असेल आणि शेवटचा संदेश जपून ठेवायला त्याला सांगितलेले असेल, तर जोडणी होताच तो संदेश नियंत्रकाला मिळतो व जिना उजळतो. झोपण्याच्या खोलीत मात्र मी ही सोय ठेवणार नाही. रात्री तीनला वीज आली, की सगळे घर जागे!

भिंतीवरची बटणे काढू नयेत. जाळे बंद असले तरी आजीला दिवा लावता आला पाहिजे. या बटणांना ‘बदल’ चालेल, कारण तेथे बोट आणि डोळा एकाच ठिकाणी असतात. मात्र नवी स्थिती नियंत्रकाने त्याच पत्त्यावर कळवावी, नाहीतर मध्यस्थाकडची नोंद खोटी ठरेल.

प्रयोग २३० व्होल्टच्या जोडणीवर मुळीच करू नका. नियंत्रकाला ३३० ओहमच्या रोधातून एक लहान एलईडी जोडा. आधी ‘बदल’, मग ‘लाव’ ही आज्ञा मुद्दाम दोन-दोनदा पाठवून पाहा.