अर्धवट सुटलेली पदवी

प्रश्न : मध्य प्रदेशातील धामनोदच्या वाचकाने प्रथम वर्ष उत्तीर्ण होऊन दोन वर्षांपूर्वी महाविद्यालय सोडले; आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल काय?

उत्तर : बहुधा नाही. मध्य प्रदेशाने 2021-22 पासून पदवी अभ्यासक्रमांना राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू केले असून, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे 40 श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे गुणमाप, आणि 4 श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेल्यास प्रमाणपत्र मिळते, शिवाय तीन वर्षांच्या आत परतून एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. हे श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या संगणकीय खात्यात जमा होतात. तथापि जुने श्रेयांक तेथे आपोआप चढले असतील असे गृहीत धरणे धोक्याचे असल्याने, मूळ गुणपत्रिका घेऊन आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात खातरजमा करणे श्रेयस्कर ठरते, कारण अडचण नियमांपेक्षा कागदांतच अधिक येते. विद्यापीठ बदलायचे झाल्यास स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. दिवसा दुकान किंवा शेती सांभाळणाऱ्यास इग्नू अथवा भोपाळचे मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ अधिक सोयीचे पडते, कारण तेथे रोजच्या हजेरीचे बंधन नसते.