फुकटचे रोप आणि सात वर्षांचा हिशेब

आमच्या कोकणात धंदा कापडाचा असो, मासळीचा असो की सुतारकामाचा, घरामागे दोन-चार माड असतात. पाहुणा निघताना त्याच्या हाती नारळाचे एखादे रोप देणारी घरेही पुष्कळ आहेत. ही रीत चांगलीच आहे. पण देणाऱ्याने रोप पारखले नसेल तर ती भेट घेणाऱ्याला महागात पडते. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांसमोर मांडतो.

१९९८ च्या पावसाळ्यात मी परसात चाळीस असोले नारळ रुजत घातले. दिसायला मोठे नारळ निवडले, झाड कोणते ते पाहिले नाही. पुढल्या वर्षी जेवढी रोपे उगवली तेवढी नात्यात वाटून टाकली. मरतुकडीसुद्धा दिली, कारण फेकायला जीव होईना. धाकट्या बहिणीच्या अंगणात त्यातले एक लागले. नऊ वर्षे तिने पाणी घातले, खत घातले. मग एकदा म्हणाली, "भाई, तुम्ही मला माड दिलात की खांब?" अकराव्या वर्षी त्याला पहिली पेंड धरली, तीही चार नारळांची.

कापडाचा तागा खोटा निघाला तर पहिल्या धुण्यात कळते. गिऱ्हाईक परत येते, आपण माल बदलून देतो. रोपाचे तसे नाही. आपला बाणवली माड फळाला यायला सहा ते आठ वर्षे घेतो. तोवर गेलेले पाणी, जागा आणि मेहनत कोण परत करणार?

कलम नाही, म्हणून पारख

हापूसचे कलम बांधले की झाड मूळ झाडासारखेच निघते. माडाला कलम बांधता येत नाही, तो नारळापासूनच वाढवावा लागतो. त्यातून उंच जातीच्या माडात परागीभवन बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागाने होते. त्यामुळे एकाच पेंडीतली दोन रोपेही सारखी निघत नाहीत. संकरित माडाचा नारळ रुजवून संकरित रोप म्हणून देणे तर निव्वळ चूक आहे. संकरित रोप हवे असेल तर ते खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे.

मातृवृक्ष कसा निवडावा

माड वीस वर्षांवरचा, पण म्हातारा न झालेला असावा. दरवर्षी ऐंशीच्या पुढे नारळ देणारा हवा. एक साल भरपूर आणि एक साल रिकामा असा नको. डोक्यावर तीसच्या वर झावळ्या, त्यांचे देठ आखूड व जाड, आणि पेंडी झावळ्यांवर नीट टेकलेल्या असाव्यात. विहिरीकाठच्या किंवा गोठ्याजवळच्या एकाच माडाला जास्त नारळ दिसले तर फसू नये. तो गुण खतपाण्याचा असू शकतो. साध्या जागेत भरपूर देणारा माड खरा.

रुजवण

अकरा-बारा महिन्यांचा पक्का नारळ घ्यावा. हलवल्यावर आत पाणी वाजले पाहिजे. नारळ उंचावरून न आपटता उतरवावेत, महिना-दीड महिना सावलीत ठेवावेत आणि पावसाच्या सुरुवातीला वाफ्यात फूटभर अंतरावर लावावेत. पाणी साचू देऊ नये. चांगले नारळ साधारण दोन ते चार महिन्यांत कोंब काढतात. सहा महिन्यांत जे रुजले नाहीत ते काढून टाकावेत.

रोपाची परीक्षा

वर्षाच्या रोपाला पाच-सहा पाने असावीत. बुंध्याचा घेर दहा सेंटीमीटरच्या वर असावा. लवकर रुजलेले आणि ज्याचे पान लवकर चिरू लागते ते रोप उत्तम. उशिरा रुजलेले, लांब आणि बारीक मानेचे रोप ठेवू नये. चाळीस नारळांतून पंचवीस रोपे हाती लागली तरी समाधान मानावे. बाकीची पाहुण्यांच्या नजरेस पडण्यापूर्वीच उपटून टाकावीत. नाहीतर कोणीतरी म्हणतोच, "टाकताय कशाला, मला द्या." आणि आपल्याला नाही म्हणवत नाही.

देताना

रोप पाने धरून ओढू नये. कुदळीने भोवतीची मुळे तोडून खालून उचलावे. खालचा नारळ मोडू नये, रोप बरेच दिवस त्यातल्या खोबऱ्यावर जगते. सोबत जुन्या शेणखताची माती देऊ नये, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखतातच वाढतात. घेणाऱ्याला दोन गोष्टी नक्की सांगाव्यात: खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल हवा, आणि दोन माडांत पंचवीस फूट अंतर हवे. छोट्या अंगणात चार रोपे मागणाऱ्याला एकच द्यावे.

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. बाणवलीतून निवडलेली 'प्रताप' ही जात याच केंद्राची. शंका असेल त्याने तिथे जाऊन चांगला माड आणि चांगले रोप डोळ्यांनी पाहून यावे. व्यापारी माणसाला नमुना एकदा पाहिला की पुरतो.

मी आता दुकानाच्या वहीत मागचे एक पान रोपांसाठी ठेवले आहे. कोणत्या माडाचा नारळ, कोणत्या महिन्यात रुजला, कोणाला दिला, एवढेच लिहितो. झाड फळाला आले की नारळांचा आकडाही त्यापुढे येतो. ज्या माडाची रोपे कमी पडली, त्याचे नारळ मी पुन्हा रुजवत नाही. बहिणीला २०११ साली दोन पारखलेली रोपे नेऊन दिली. जुना खांब अजून उभा आहे. तिने त्याला कपडे वाळवायची दोरी बांधली आहे, आणि माझ्याकडे रोप मागायला येणाऱ्याला ती आधी तो दाखवते.