विषयाची निवड

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला सत्राअखेर इतिहासावर निबंध लिहावयास सांगितले, म्हणजे तो बहुधा प्रथम एखादे नाव शोधू लागतो. सम्राट अशोक, अकबर, १८५७ चा उठाव, मिठाचा सत्याग्रह अशी नावे वहीत उतरविली जातात आणि त्यांपैकी जे सर्वांत ओळखीचे, ते पसंत केले जाते. त्यानंतर ग्रंथालयातील दोन-तीन पुस्तके उघडून त्यांतील मजकूर थोड्या वेगळ्या शब्दांत लिहून काढला की निबंध पुरा होतो. अक्षर सुवाच्य असते, सनावळी अचूक असते. परंतु त्या वीस पानांत विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढलेले असे काहीच नसते. हा दोष आळसाचा आहे असे शिक्षकांना वाटते. वास्तविक बहुतेक वेळा तो निवडीचा दोष असतो. ज्या विषयात शोधण्यासारखे काही ठेवलेलेच नाही, त्यात विद्यार्थी शोधणार तरी काय?

नाव आणि प्रश्न

‘मिठाचा सत्याग्रह’ हे एका घटनेचे नाव आहे. त्या घटनेची रूपरेषा सर्वज्ञात आहे. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहून आपला संकल्प कळविला. १२ मार्च रोजी ७८ सहकाऱ्यांसह त्यांनी साबरमती आश्रम सोडला. सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर पायी तोडून ५ एप्रिल रोजी ते दांडीस पोहोचले आणि ६ एप्रिलला सकाळी त्यांनी चिमूटभर मीठ उचलून कायदा मोडला. एवढे सांगितले की नावातील आशय संपतो. विद्यार्थ्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही आणि तो विशेषणांचा आधार घेऊ लागतो.

याच घटनेविषयी एखादा प्रश्न विचारला असता मात्र अभ्यासाला दिशा मिळते. सरकारी नियंत्रणाबाहेर मीठ तयार करणे हा त्या काळी गुन्हा होता. गुजरातचा किनारा, तमिळनाडूतील वेदारण्यम, केरळातील पय्यनूर, बंगालमधील कांथी येथे समुद्र जवळ होता; तेथे हा कायदा मोडणे सोपे होते. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १३ एप्रिल १९३० रोजी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमकडे पदयात्रा काढली, ती याच कारणाने. परंतु देशाचा फार मोठा भाग समुद्रापासून दूर आहे. तेथील लोकांनी कोणता कायदा मोडला, आणि तोच का निवडला? हा प्रश्न दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्याला समजण्याजोगा आहे. त्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात तयार मिळत नाही. आणि ते मिळविण्यासाठी आवश्यक असलेली साधने त्याच्या आवाक्यात आहेत.

क्षेत्र आखून घेणे

एवढा प्रश्नदेखील एका सत्रासाठी मोठाच आहे. तो स्थळाने, काळाने आणि माणसांच्या गटाने मर्यादित करावा लागतो. संपूर्ण भारताऐवजी एक जिल्हा. १९३० ते १९३४ या चार वर्षांऐवजी १९३० सालचे एप्रिल ते सप्टेंबर हे महिने. ‘जनता’ या मोघम शब्दाऐवजी एका भागातील शेतकरी, विद्यार्थी अथवा स्त्रिया. विषय लहान केल्याने निबंधाचे महत्त्व कमी होते अशी समजूत आढळते. ती निराधार आहे. विषय आटोपशीर असला म्हणजेच विद्यार्थ्याला प्रत्येक पुरावा जवळून पाहता येतो आणि दोन पुराव्यांतील विसंगती त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पुराव्याने प्रश्न बदलतो तेव्हा

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने वऱ्हाडचा प्रदेश निवडला. त्याच्या वाचनात येते की यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे जुलै १९३० मध्ये माधव श्रीहरी अणे यांच्या नेतृत्वाखाली जंगलचा कायदा मोडण्यात आला. राखीव जंगलातील गवत परवान्याशिवाय कापणे हे त्या सत्याग्रहाचे स्वरूप होते. विद्यार्थी तत्काळ अनुमान बांधतो : वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून तेथील लोकांनी मिठाऐवजी जंगल निवडले. अनुमान सरळ आहे, पटण्यासारखे आहे, आणि निबंध येथेच संपविण्याचा मोह होण्याइतके नीटनेटके आहे.

परंतु थोडे अधिक वाचले असता त्याला दिसते की अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे एप्रिल १९३० मध्येच मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरींचे पाणी खारे असते आणि ते आटवून मीठ मिळविता येते. म्हणजे समुद्र नसतानाही वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह झाला. उलटपक्षी, २५ सप्टेंबर १९३० रोजी ज्या चिरनेर गावी जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली, ते गाव आजच्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. तेथून समुद्र आणि मिठागरे दूर नाहीत. मीठ हाताशी असूनही तेथील लोक जंगलात गेले.

येथे पहिले अनुमान टिकत नाही. पुष्कळ विद्यार्थी अशा वेळी गैरसोयीची माहिती वगळतात. वस्तुतः निबंधाचा खरा प्रारंभ तेथूनच होतो. समुद्राचे सान्निध्य हे एकमेव कारण नसेल, तर दुसरे कोणते असावे? तारखा मांडून पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. दांडी, वेदारण्यम आणि दहीहांडा या घटना एप्रिलमधील, म्हणजे कडक उन्हाळ्यातील आहेत. पुसद आणि चिरनेर येथील घटना पावसाळ्यातील. पाऊस सुरू झाल्यावर मीठ पिकत नाही. गवत मात्र त्याच दिवसांत वाढते. मे १९३० मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीने मिठाखेरीज अन्य मार्गांना, त्यांत जंगलचे कायदे मोडण्यासही, मान्यता दिली होती. बिहारमध्येही आरंभी मिठाचा सत्याग्रह झाला. पुढे तेथे चौकीदारी कर न भरण्याच्या चळवळीने जोर धरला. तेव्हा भूगोलाबरोबर ऋतूचा, आणि ऋतूबरोबर लोकांच्या नित्याच्या गाऱ्हाण्यांचा विचार करणे प्राप्त होते. गुरांना चारा आणि चुलीला लाकूड यांवर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमासारख्या कायद्यांचे जे निर्बंध होते, त्यांचा जाच खेड्यातील माणसाला रोजच सोसावा लागत होता.

आता विद्यार्थ्याजवळ एक सुधारलेला प्रश्न आहे : एकाच वर्षी चळवळीचे रूप उन्हाळ्यातून पावसाळ्यात का बदलले, आणि या बदलात नेत्यांच्या निर्णयाचा वाटा किती व गावकऱ्यांच्या गरजेचा किती? याचे संपूर्ण उत्तर त्याला कदाचित देता येणार नाही. पण हा प्रश्न त्याचा स्वतःचा आहे, आणि तो त्याला पुराव्याने दिला आहे.

साधनांची चाचणी

विषय कायम करण्यापूर्वी साधने मिळतील की नाही हे पाहणे अगत्याचे असते. जिल्हा गॅझेटिअर, प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केलेले गांधीजींचे समग्र वाङ्मय, राज्य शासनांनी छापलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश आणि त्या काळातील वृत्तपत्रे ही साधने मोठ्या ग्रंथालयांतून उपलब्ध असतात. यांखेरीज गावातील स्मारकस्तंभ, शाळेचे जुने दप्तर आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, देण्यात आलेले ताम्रपट हीही साधनेच होत. चळवळीत भाग घेतलेली पिढी आता उरलेली नाही. परंतु त्यांच्या घरांतून पत्रे, छायाचित्रे आणि ऐकलेल्या आठवणी सापडतात.

प्रत्येक साधनाला त्याच्या मर्यादेसह वाचावे लागते. पोलिसांचा अहवाल जमावाची संख्या कमी सांगण्याचा संभव असतो, तर चळवळीचे पत्रक ती वाढवून सांगण्याचा. एप्रिल १९३० मध्ये सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध वटहुकूम काढला आणि अनेक पत्रांना प्रकाशन थांबवावे लागले. त्यानंतरच्या एखाद्या महिन्यात एखाद्या गावाची बातमी आढळली नाही, तर तेथे काहीच घडले नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. घरातील आठवणीत एका माणसाच्या धैर्याची कथा राहते. सोबतच्या पन्नास जणांची नावे गळून गेलेली असतात. ही नावे अन्यत्र शोधणे हाही निबंधाचा एक भाग होऊ शकतो.

निवडीच्या कसोट्या

विषय निश्चित करताना विद्यार्थ्याने चार गोष्टी तपासून पाहाव्यात. विषय प्रश्नाच्या रूपात एका वाक्यात मांडता येतो काय? त्या प्रश्नाची किमान दोन निरनिराळी उत्तरे संभवतात काय? परस्परांशी ताडून पाहता येतील अशी दोन तरी स्वतंत्र साधने जवळपास मिळतात काय? आणि पहिले अनुमान चुकीचे ठरले, तर ते बदलण्यास पुरेसा अवधी हाती राहतो काय? शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. सत्राच्या अखेरच्या आठवड्यात निवडलेल्या विषयात चूक दुरुस्त करण्यास अवसरच नसतो. त्यामुळे विद्यार्थी चुकलेल्या अनुमानालाच चिकटून राहतो.

शिक्षकाचे साहाय्य येथे मोलाचे ठरते. वर्गासमोर विषयांची यादी ठेवण्यापेक्षा प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून घेणे, तो कोठे अडला आहे हे विचारणे आणि अनुमान बदलल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत याची खात्री देणे अधिक उपयुक्त होय. दहीहांड्याच्या विहिरी आढळल्यावर पहिले पान खोडून पुन्हा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही कदाचित तितकी स्वच्छ दिसणार नाही. परंतु इतिहासकार जे काम करतात, ते त्याने केलेले असते.

अभ्यासासाठी

१. आपल्या जिल्ह्यात १९३० साली कोणता कायदा मोडण्यात आला, हे शोधून घटनांचा महिनावार तक्ता तयार करावा.

२. त्याच घटनेची दोन भिन्न वर्णने मिळवून त्यांत कोठे मतभेद आहेत ते नोंदवावे व त्याची संभाव्य कारणे लिहावीत.

३. आपले पहिले अनुमान एका वाक्यात लिहून ठेवावे. अभ्यासाअखेर ते पुन्हा वाचावे, आणि त्यात बदल झाला असल्यास कोणत्या पुराव्यामुळे झाला ते सांगावे.